दुखणं काळजाचं, गोळी लघवीची

गेल्या पावसाळ्यात आमच्या आत्येच्या पायांना सूज येऊ लागली. सकाळी पाय बरे असत, पण संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले की खड्डा तसाच राहत असे, आणि रात्री आडवे पडताच धाप लागत असल्यामुळे तिला पाठीशी तीन उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपावे लागे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हृदयाचे रक्त ढकलण्याचे बळ कमी झाल्याचे सांगितले आणि औषधे लिहून दिली. त्यातल्या एका गोळीने तिला सकाळभर मोरीच्या फेऱ्या घालाव्या लागल्या, तेव्हा तिसऱ्या दिवशी तिने मला पडवीत गाठले. "अरे, दुखणं काळजाचं नि गोळी लघवीची? डॉक्टरांचं काही चुकलं तर नाही ना?"

प्रश्न रास्त होता, आणि हायस्कुलात २६ वर्षे विज्ञान शिकवूनही मला त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. आम्ही पचनसंस्था एका धड्यात शिकवतो, श्वसनसंस्था दुसऱ्या, रक्ताभिसरण तिसऱ्या. प्रयोगशाळेच्या भिंतीवरचे तक्तेही तसेच असतात. एकावर नुसती फुफ्फुसे, दुसऱ्यावर नुसती मूत्रपिंडे, आणि शेजारच्या तक्त्याशी त्यांची ओळखदेख नसते. 'सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' हा प्रश्न मी दरवर्षी काढला. हृदय थकल्याची खबर मूत्रपिंडाला कशी लागते, हा प्रश्न एकदाही काढला नाही. आपल्या भाषेला मात्र या सरमिसळीचा पूर्वीपासून अंदाज असावा. मराठीत 'काळीज' हा शब्द मटणाच्या दुकानात यकृताला लागतो आणि कवितेत हृदयाला, भीती वाटते मनाला आणि गोळा येतो पोटात, वाईट बातमी ऐकतात कान आणि गार पडतात हातपाय. वाक्प्रचार म्हणजे शरीरशास्त्र नव्हे, तरी आत्येच्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिशेने सापडते. पण तिथे पोहोचण्यासाठी आधी निरोगी शरीर काम करताना पाहायला हवे.

आमची आंब्याची बाग उतारावर आहे आणि गाडीरस्ता वर सड्यावर. मे महिन्यात घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, उतरवलेला हापूस क्रेटमध्ये भरायचा, सुमारे २० किलोचा तो क्रेट डोक्यावर घ्यायचा आणि जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढून रस्त्याला लावायचा, हे काम बागेतले गडी दिवसातून कितीतरी वेळा करतात. मी हौसेने एखादी खेप करतो आणि मध्येच थांबतो. मागून हाक येते, "मास्तर, दम खा जरा!" ही पाच-सात मिनिटांची चढण शरीराच्या जवळजवळ सगळ्या संस्थांना एकाच वेळी कामाला लावते, म्हणून उदाहरण तिचेच घेतो.

पहिली गोष्ट पहिले पाऊल पडण्याआधीच घडते. मेंदू पायांच्या स्नायूंना हुकूम पाठवतो, त्याच वेळी त्या हुकमाची एक नक्कल मेंदूच्या तळाशी असलेल्या, हृदय आणि श्वास सांभाळणाऱ्या केंद्रांकडेही जाते, त्यामुळे क्रेटला हात घालतानाच छातीचे ठोके वाढलेले असतात. स्नायूंजवळ तयार ऊर्जेचा साठा जेमतेम काही सेकंद पुरेल इतकाच असतो. त्यापुढची ऊर्जा त्यांना साखर आणि चरबी जाळून मिळवावी लागते, त्यासाठी प्राणवायू लागतो, आणि तो येतो रक्तातून. मांडीचे स्नायू जोराने काम करू लागले की त्यांच्यातून कर्ब वायू, आम्ल आणि इतर टाकाऊ द्रव्ये बाहेर पडतात, आणि या द्रव्यांच्या स्पर्शानेच तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडून रुंदावतात. यासाठी मेंदूची परवानगी लागत नाही; ज्याला गरज आहे त्याच्या कचऱ्यातूनच मागणी नोंदवली जाते. मला ही शरीरातली सर्वांत शहाणपणाची व्यवस्था वाटते.

पण अशा स्थानिक मोकळीकीत एक धोका असतो. कोकणातल्या वाड्यांची नळपाणी योजना ज्याने पाहिली आहे त्याला तो चटकन कळेल. टाकी एकच असते आणि खालच्या वाडीने सगळे नळ एकदम सोडले की वरच्या वाडीच्या नळाला नुसती हवा येते. शरीरात वरची वाडी म्हणजे मेंदू. मांड्यांमधल्या हजारो वाहिन्या एकदम रुंदावल्या तर रक्ताचा दाब कोसळून माणूस पाखाडीवरच घेरी येऊन पडेल. तसे होत नाही, कारण हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत आणि मानेतल्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत ताण मोजणारे चेतातंतू असतात. रक्ताचा दाब किंचित जरी उतरला तरी या भिंतींवरचा ताण घटतो, तो निरोप क्षणार्धात मेंदूच्या तळाशी पोहोचतो, आणि पुढच्या एक-दोन ठोक्यांतच हृदयाची गती वाढते व आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या आवळल्या जातात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते आणि त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांना मिळतो. जोराच्या कष्टात हृदय १५ ते २० लिटरपर्यंत जाते, त्यातला बहुतेक भाग स्नायू घेतात, आणि मूत्रपिंडांना व आतड्यांना तेवढ्यापुरती कळ काढावी लागते. भरल्या पोटी चढण चढल्यावर मळमळते ते यामुळेही.

हृदयाने ढकललेले रक्त परत यायलाही हवे. पायांतून वर येणाऱ्या नीलांमध्ये एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात आणि चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळले की त्या नीला पिळल्या जाऊन रक्त वर सरकते. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली रक्त शरीरात गोल फिरते हे सिद्ध केले, तेव्हा हातावर दोरी आवळून फुगलेल्या नीलांतल्या याच झडपांचा पुरावा त्याने दिला होता. पोटऱ्या काम करत नसल्या की काय होते ते मी शाळेच्या मैदानावर दर १५ ऑगस्टला पाहिले आहे. ताठ उभ्या राहिलेल्या रांगेतले एखादे मूल, रक्त पायांत साचून मेंदूला कमी पडल्यामुळे, घेरी येऊन खाली बसते, आणि आडवे केले की दोन मिनिटांत हुशारीत येते.

आता 'दम खा' या सल्ल्याकडे. चढणीवर धाप लागते ती रक्तातला प्राणवायू कमी पडल्यामुळे, असे बहुतेकांना वाटते. निरोगी माणसाच्या बाबतीत ते खरे नाही. समुद्रसपाटीच्या आसपास कितीही धाप लागली तरी फुफ्फुसातून निघणाऱ्या रक्तातला प्राणवायू जवळजवळ तेवढाच राहतो. श्वासाचा लगाम मुख्यतः कर्ब वायूच्या हाती असतो, हे हॉल्डेन आणि प्रिस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले. कर्ब वायू वाढला की रक्त आणि मेंदूभोवतीचे द्रव किंचित आम्लधर्मी होते, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी ती आम्लता ओळखून श्वास वाढवतात. म्हणजे स्नायूंनी केलेला कचरा एकीकडे तिथल्या वाहिन्या रुंदावतो आणि दुसरीकडे छातीचा भाता चालवतो. खाडीत बुडी मारून तळाची वाळू वर आणण्याची पैज लावणाऱ्या मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगावी लागते. बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतल्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कर्ब वायू मात्र उतरतो. मग श्वास घेण्याची ऊर्मी वेळेवर येत नाही आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.

फुफ्फुसात सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात आणि त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर ७० चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील. या पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त असते, आणि मधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. तो इतका पातळ आहे म्हणून वायूंची देवघेव पाऊण सेकंदाच्या आत उरकते, आणि तो इतका पातळ आहे म्हणूनच एका विशिष्ट परिस्थितीत तो जिवावर उठतो. ती परिस्थिती पुढे विंचवाच्या प्रसंगात येईल.

चढणीवरचा खरा कोकणी प्रश्न मात्र उष्णतेचा असतो. स्नायूंनी जाळलेल्या इंधनापैकी पाव भाग, तोही जेमतेम, कामाला लागतो आणि उरलेल्याची उष्णता होते. ती उष्णता रक्त कातडीपर्यंत आणून सोडते आणि कातडी घाम काढते. एक लिटर घामाची वाफ झाली तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. परंतु त्याची वाफ व्हायला हवी. टिपटिप गळून सदऱ्यात मुरलेला घाम पाण्यापरी पाणी घालवतो आणि थंडावा फारसा देत नाही. सोलापूरच्या ४० अंशांत घाम दिसत नाही पण काम करतो. रत्नागिरीच्या ३३ अंशांत तो डोळ्यांत उतरेपर्यंत दिसतो आणि पुष्कळसा वाया जातो, कारण हवेतच आधी इतके पाणी असते की आणखी वाफेला जागा उरत नाही. 'तुमच्याकडे कुठे एवढं ऊन असतं' असे म्हणणाऱ्या घाटावरच्या पाहुण्यांना मी एकदा पाखाडी चढायला लावली आहे.

घामातून पाणी गेले की रक्ताचा द्रवभाग आटतो. एकाच वेळी स्नायूही रक्त मागत असतात आणि कातडीही, आणि मागणी वाढत असताना एकूण पुरवठा घटत जातो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या खेपेला तेच ओझे घेऊन चढताना हृदय पहिल्या खेपेपेक्षा जास्त वेगाने धडधडते. घामात मीठ असते, पण रक्तापेक्षा कमी, त्यामुळे मागे राहिलेले रक्त जरा खारट होते. हा खारटपणा शेकडा एक-दोन इतका जरी वाढला तरी मेंदूच्या तळाजवळच्या पेशी आकसतात आणि दोन गोष्टी घडवतात. एक म्हणजे तहान लागते, आणि दुसरी म्हणजे पियुषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात सुटते, जे मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीडेक लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात ओढून घेतात. या संप्रेरकाच्या निरोपावर ती ओढ आणखी घट्ट होते. बागेत दुपारी लघवी थोडी आणि गडद पिवळी होते ती यामुळे.

अकराच्या सुमारास गड्यांना पेज दिली जाते. उकड्या तांदळाची पातळ पेज, त्यात मीठ, सोबत सुक्या मासळीचा तुकडा किंवा लोणच्याची फोड. शहरातून आलेल्या भाच्यांना हे गरिबाघरचे खाणे वाटते. प्रत्यक्षात ते आतड्याच्या रचनेला चपखल बसणारे पेय आहे. पाणी आतड्यातून रक्तात आपल्या पायांनी जात नाही, ते मिठामागून जाते. आणि आतड्याच्या पेशींच्या भिंतीत असे दरवाजे आहेत, ज्यांतून मिठातले सोडियम आणि साखर यांना जोडीनेच आत घेतले जाते. पेजेतल्या पिठूळ भागाची आतड्यात साखर होते, ती मिठाला घेऊन आत शिरते आणि मागोमाग पाणी येते. या दरवाजाची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर यांचे पाणी पिंपांतून पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. जुलाबात मात्र पेजेवर भिस्त न ठेवता आरोग्य केंद्रातली मोजमापाची पुडीच वापरावी. या दरवाजाची गाठ शेवटी आत्येच्या औषधांतही पडणार आहे.

आतापर्यंतच्या वर्णनात निरोप दोन वाटांनी गेले. चेतातंतूंतून जाणारा निरोप तारेसारखा, ठरावीक ठिकाणी, क्षणात पोहोचतो. संप्रेरक रक्तात सोडले जाते, सगळीकडे फिरते आणि ज्याच्यापाशी ते ओळखणारा ग्राहक असेल तोच त्याची दखल घेतो. दवंडी सगळ्या गावात पिटावी आणि ज्याची जमीन आहे त्यानेच कान टवकारावेत, तसे. ही दुसरी वाट आहे हे माणसाला कळले ते १९०२ साली, लंडनमध्ये. जठरातले आम्ल लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंडातून पाचकरस सुटतो, आणि हे काम चेतातंतूच करतात असा तोवरचा समज होता. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सगळे चेतातंतू तोडले, त्यात आम्ल घातले, आणि तरीही स्वादुपिंड पाझरले. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून त्याचा अर्क थेट रक्तात दिला, तेव्हाही ते पाझरले. तार तुटलेली असून निरोप पोहोचला होता, म्हणजे तो रक्तातून गेला होता. आपण जेवण केले की आजही हीच दवंडी पिटली जाते, आणि स्वादुपिंड आतड्यात उतरलेले आम्ल शमवायला धावते.

काही निरोपांचा पल्ला दिवसांचा असतो. मूत्रपिंडाला प्राणवायू कमी मिळू लागला की ते एक संप्रेरक सोडते आणि त्यावर हाडांतली मज्जा तांबड्या पेशी वाढवते. म्हणून मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला रक्तक्षय होतो. हाडांच्या मजबुतीचा मार्ग तर चार अवयवांतून जातो. कातडीवर ऊन पडून ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो, यकृतात त्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग ते आतड्याला चुना, म्हणजे कॅल्शियम, शोषून घ्यायला लावते. काट्यासकट खाल्लेल्या सुक्या बारक्या मासळीतले कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचायचे तर ही सगळी साखळी शाबूत लागते.

इतकी तपशीलवार बोलाचाली चालते तिथे गैरसमजालाही वाव असतो, आणि तो किती भयानक असू शकतो हे कोकणाने विंचवाच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात, पेंढ्याच्या उडवीखाली तो असतो. मोठी काळी इंगळी पाहून माणसे घाबरतात, पण जीव घेणारा असतो तो आकाराने लहान, तांबडा विंचू. त्याचे विष पायाच्या अंगठ्यात टोचले जाते आणि माणूस मरतो तो फुफ्फुसात पाणी भरून. अंगठा आणि फुफ्फुस यांचा संबंध काय, हाही आत्येच्या जातीचाच प्रश्न आहे.

विष चेतातंतूंच्या टोकांवरचे सोडियमचे दरवाजे उघडे ठेवते, त्यामुळे कुठलेही कारण नसताना सगळे चेतातंतू निरोप पाठवत सुटतात. सुरुवातीला उलट्या होतात, लाळ गळते, अंगातून पाण्यासारखा घाम निथळतो. मग मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि चेतातंतूंची टोके मिळून रक्तात ॲड्रेनलिन व त्याच्या भावंडाचा लोंढा सोडतात. एरवी हे द्रव्य जिवावरचा प्रसंग आला असता सुटते आणि त्याचा निरोप असतो, 'वाहिन्या आवळा, हृदय जोरात चालवा.' हात, पाय, आतडी यांच्याकडच्या वाहिन्या एकदम आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याला सगळीकडे बंद झालेल्या दारांवर धडका देत रक्त ढकलावे लागते. काही तासांत तो कप्पा थकतो. पुढे न जाणारे रक्त मागे फुफ्फुसात तुंबते, आणि तो अतिपातळ पडदा वाढलेल्या दाबाने पाझरू लागतो. वायुकोशांत हवेच्या जागी द्रव भरतो, माणूस उठून बसतो, खोकतो, आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. फुफ्फुसाला ना डंख झालेला असतो ना हृदयाला. दोघांनीही आलेल्या निरोपाप्रमाणे काम चोख केलेले असते, आणि निरोपच खोटा असतो.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून हा क्रम टिपत राहिले. त्यांची निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी प्राझोसिन नावाची, मुळात रक्तदाबासाठी असलेली साधी गोळी वापरायला सुरुवात केली. ती विषाला हात लावत नाही. आवळलेल्या वाहिन्यांवरचे निरोप घेणारे ग्राहक ती अडवते, वाहिन्या सैल पडतात, हृदयापुढची दारे उघडतात आणि फुफ्फुसातले तुंबलेले रक्त ओसरते. गंभीर दंश झालेल्या रुग्णांपैकी पूर्वी चारांत एक किंवा त्याहून अधिक दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर घाम, उलट्या आणि गार हातपाय दिसले तर मांत्रिकाकडे किंवा झाडपाल्याकडे घालवलेला प्रत्येक तास त्या डाव्या कप्प्याच्या खात्यातून जातो, हे गावात मी अजूनही सांगत असतो.

आत्येचे दुखणे म्हणजे हीच गोष्ट, फक्त काही तासांऐवजी काही वर्षांत घडणारी. तिचे हृदय जुन्या रक्तदाबाने थकले होते आणि पुरेसे रक्त पुढे ढकलत नव्हते. मूत्रपिंडाला हृदय दिसत नाही. त्याला कळते ते एवढेच की आपल्याकडे येणाऱ्या रक्ताचा जोर घटला आहे, आणि रक्ताचा जोर घटण्याची कारणे त्याच्या लेखी मुख्यतः दोन, जखमेतून रक्त वाहून जाणे किंवा घामाने अथवा जुलाबाने शरीर सुकणे. माणूस उन्हातान्हात राबत, जखमा सोसत घडला. थकलेल्या हृदयाने म्हातारपण काढणे ही अलीकडची चैन आहे. म्हणून मूत्रपिंड आपल्या परीने बरोबर तेच करते. ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते, त्यापासून पुढे वाहिन्या आवळणारे आणि मीठ राखून ठेवायला लावणारे निरोप तयार होतात, आणि मिठामागे पाणी साचते. पाखाडीवर हीच युक्ती गड्याचा जीव वाचवते. आत्येच्या शरीरात मात्र पाणी मुळातच पुरेसे असते. वाढीव पाणी आणि आवळलेल्या वाहिन्या यांनी थकलेल्या हृदयावरचे ओझे आणखी वाढते, हृदय आणखी कमी ढकलते, आणि मूत्रपिंड आणखी घाबरून आणखी मीठ राखते. दिवसा हे पाणी उताराने घोट्यांत साचते, रात्री आडवे पडल्यावर रक्तात परतून फुफ्फुसात चढते. म्हणून तीन उशा.

हृदय अगदीच मुके असते असेही नाही. १९८१ साली कॅनडात आडोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर जाऊ लागले. ताणले गेलेले हृदय स्वतःच संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडाला 'बाबा रे, पुरे' असे सांगत असते. त्याच कुळातल्या द्रव्याची रक्तातली पातळी मोजून डॉक्टरांनी आत्येचे निदान पक्के केले होते. दुखणे जुने झाले की हा आवाज रेनिनच्या गलक्यात दबून जातो, आणि मग लघवीची गोळी लागते.

हे सगळे मी आत्येला दोन संध्याकाळी सांगितले. तिने आक्षेप घेतला नाही, पण श्रावण-भाद्रपदात सुकी मासळी, पापड आणि लोणचे बंद म्हणजे काय ते तिने मला ऐकवले. आता ती रोज सकाळी तोंड धुतल्यावर काट्यावर उभी राहते आणि वजनाचा आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते, कारण दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ झाली तर ती मांसाची नसते, पाण्याची असते, आणि सूज दिसण्याआधी काट्याला ती कळते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवली आणि औषधाच्या दुकानातल्या मुलाने ती मधुमेहाची असल्याचे सांगितले. आत्येला मधुमेह नाही. मला पुन्हा पडवीत बसावे लागले. पेजेतली साखर मिठाला घेऊन ज्या दरवाजाने आतड्यातून आत येते, त्याच घराण्यातला एक दरवाजा मूत्रपिंडात असतो आणि गाळलेल्या द्रवातली साखर व मीठ तो जोडीने परत रक्तात ओढतो. ही गोळी तो दरवाजा अडवते, त्यामुळे साखर लघवीवाटे जाते, तिच्यासोबत काही मीठ जाते आणि त्यांच्यामागून पाणीही. पुढे हृदय निकामी होत जाणाऱ्या रुग्णांना, मधुमेह नसला तरी, तिचा उपयोग होतो असे मोठ्या चाचण्यांत दिसून आले.

आत्येने शेंगा सोलता सोलता सगळे ऐकले. मग म्हणाली, "ते राहू दे. पेजेत मीठ घालू की नको, तेवढं सांग."

डॉक्टरांना फोन केला. आमटीतले कमी करून, पेजेत चिमूटभर.